आत्या येईपर्यंत

धुळ्याला नर्सिंग शिकत असताना माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. तोवर मेडिकल, सर्जिकल वॉर्ड करून झाले होते. सुई टोचायची सवय झाली होती. पण या वॉर्डाची मला रोज धास्ती वाटायची. दुसरीकडे एका खाटेवर एक माणूस सांभाळायचं असतं. इथे दोन, आणि त्यातल्या एकाला काय होतंय ते सांगता येत नाही.

त्या सकाळी खिडकीजवळची बाळंतीण माझ्याकडे होती. पहिलीच खेप, वयाने माझ्याहून लहान. बाळ चांगल्या वजनाचं. माझं काम एवढंच, की जन्मल्यापासून तासाभरात बाळ आईच्या अंगावर लावायचं. मी बाळ उचललं तर सासूने हात आडवा घातला.

"थांब वो माय. फुई येई ऱ्हायनी. ती धोवाशिवाय पाजानं नही."

फुई म्हणजे आत्या. आमच्याकडे पहिल्यांदा पाजायच्या आधी बाळाची आत्या कोमट पाण्याने बाळंतिणीची छाती धुते, मगच बाळ लावतात. त्या मानाची आत्याला साडी मिळते. हे मला कुणी सांगायला नको होतं, माझ्या घरीही असंच झालेलं. ही आत्या दीपनगरहून निघाली होती आणि तिची बस नशिराबादजवळ बंद पडली होती.

मी पिवळ्या दुधाचं महत्त्व सांगितलं, पुस्तकातलं सगळं सांगितलं. सासू मान हलवायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. पलीकडच्या खाटेवरून एक बाई म्हणाली, "एवढं शिकनी, तुले स्वतःनं एक तरी लेकरू शे का?" सगळा वॉर्ड हसला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेने सांगते. पण तेव्हा त्या शिक्षणाचा काही उपयोग होईना. माझं लक्ष बाळाच्या पायांवर होतं. पाय गार लागायला लागले होते. मघाशी वॉर्ड डोक्यावर घेणारं बाळ आता नुसतं कुरकुरत होतं.

वॉर्डच्या सिस्टरने टाचेतून रक्त घेऊन साखर तपासली. "उतरतेय," त्या हळूच म्हणाल्या. "आता पाजलं तर ठीक, नाहीतर आईपासून उचलून काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. खाट तुझी आहे, बघ."

शिकलेली भाषा कुठे गेली कुणास ठाऊक, घरचीच बाहेर आली. "माय, पोऱ्याना पाय तरी देख. गार पडी ग्यात."

सासू चमकली. "तू आम्हनाकडली शे? कोनी पोर?"

मी गाव सांगितलं. अमळनेरच्या तेलमिलीत कामाला होते त्या आबांची नात, म्हटलं. गाव एकच निघालं. ही मंडळी फार आधी धुळ्याला आली होती, म्हणून ओळख नव्हती.

कॉलेजात मॅडमची पहिल्या वर्षापासून ताकीद होती, की पेशंटशी नातं जोडायचं नाही. आणि उद्या बाळाचं काही बरंवाईट झालं, तर परक्या हाताने झालं असंच म्हणणार, हेही मला कळत होतं. तरी बोलून गेले, "गावची लेक म्हणजे तुमच्या मुलाची बहीणच ना? मग मी आत्या लागते. मी धुते."

सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लागस तर खरी," ती म्हणाली. मग घाईने, "पन साडी तिलेच भेटी हां!"

कोमट पाणी आणलं. धुतलं, बाळ लावलं. बाळ ओढेना. तळव्याला गुदगुल्या केल्या, तोंडावर थेंब पिळला, पुन्हा लावलं. डोळे मिटलेलेच. सासूने विचारलं, "काय व्हयनं?" मी पुन्हा थेंब पिळला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला, आणि घोट गेल्याचा आवाज आला.

नंतर साखर थोडी चढलेली निघाली. "थोडीच आहे, लक्ष ठेव," सिस्टर म्हणाल्या. मी जेवायलाही गेले नाही.

दुपारी आत्या आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिला सगळं कळलं.

"माझी बस बंद पडली, मी मेले नव्हते! आता दवाखान्यात आत्याही मिळायला लागल्या वाटतं?"

"मान तुमचाच आहे, अक्का," मी म्हटलं. "पण बाळाची साखर उतरली होती. थांबता येत नव्हतं."

बाळ उचलून आत्याने त्याचे पाय चाचपले, मग पदराखाली धरून ठेवले. बाळ तोंड फिरवून चोखायला काहीतरी शोधायला लागलं. आईने सासूकडे पाहिलं, सासूने आत्याकडे.

"आता कोणाची वाट बघतेस?" आत्या भावजयीवर खेकसली आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.