दगडाबाईचा विळा

निजामाच्या राज्यात केजला कुणाचं पोट दुखलं की त्याला दगडाबाईकडे नेत. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची, बेंबीच्या वर टेकवायची आणि लगेच विचारायची, "बरं वाटलं का?" नाही म्हटलं की विळा पुन्हा चुलीत. पण बहुतेकांना पहिल्याच डागात बरं वाटे, आणि त्याचा तिला भारी ताठा होता.

शहादेव गुरवाचं दुखणं मात्र तीन डाग देऊनही दर साली उलटायचं. शेवटी अन्न खाली उतरेना, तेव्हा भावाने त्याला हैदराबादच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्याचं पोट फाडून परत शिवलं, हे कानावर आल्यापासून दगडाबाईला चैन पडेना. तो गावी परतला त्याच दिवशी ती त्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

"दाव बरं. आत काय निघालं?"

"जखम व्हती, मावशी. तिच्यामुळं पोटाच्या पिशवीचं खालचं तोंड आवळलं व्हतं. डाक्टरनं ते तसंच ठिवलं अन् आतडं वर ओढून पिशवीला दुसरीकडं जोडलं. आता अन्न नव्या वाटेनं जातंय."

तिने शिवणीवरून हलकेच बोट फिरवलं. शेजारीच तिचे तीन डाग होते.

"अन् माजे डाग? ते आतून दिसले का?"

"मी बी इचारलं. आत एक बी न्हाई म्हन्ले."

दगडाबाई भडकली. "मंग दर बारीला बरं वाटलं म्हणून कावून सांगितलंस रे?"

शहादेव सदरा खाली ओढत म्हणाला, "न्हाई म्हन्लं असतं तर इळा परत चुलीत गेला असता की!"