एकदाच विचारणारा कॉम्प्युटर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या डिस्पॅच खात्यात कृष्णात खाडे बसत. सगळे त्यांना मामा म्हणत, आणि मामांना कुणी काही विचारत नसे. त्यांचं लग्न वडिलांनी ठरवलं आणि मग त्यांना कळवलं. गगनबावड्याकडच्या घराला पोरानं पोपटी रंग दिला, तोही मामांना पाहुण्यांकडून कळला. कारखान्यात त्यांचं टेबल जिन्याखाली गेलं, तेव्हा ते चहाला गेले होते. माणूस सोशिक, पण हे त्यांना आतून फार लागत असे.

टेबलावरचा जुना कॉम्प्युटर तर त्याहून उर्मट. अपडेट आलं की 'नंतर' दाबा, पुन्हा दाबा, शेवटी ट्रक भरून तयार असताना हा आपल्या मर्जीनं बंद पडणार आणि चक्र फिरवत बसणार.

मालकांची सून सोनल हिनं एक दिवस सगळ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर जुनी सिस्टीम काढून लिनक्स ही नवी घातली. मामांना तिनं शिकवलं, दर मंगळवारी आल्या आल्या ही एक ओळ टाइप करायची. काय काय नवीन आलंय त्याची यादी येईल आणि खाली तो विचारेल, करू का? हो असेल तर वाय दाबायचं, नसेल तर एन. तुम्ही हो म्हणेपर्यंत तो कशाला हात लावणार नाही.

मामा हरखले. मंगळवारी त्यांनी चष्मा पुसून ओळ टाइप केली. यादी आली, प्रश्नही आला. आता पंक्तीत जिलेबी पुढं आली की कोल्हापूरचा माणूस पहिल्यांदाच हो म्हणतो का? ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नाही, ही रीत. लगेच हो म्हणणारा हावरा. मामांनी रुबाबात एन दाबलं आणि आग्रहाची वाट बघत बसले.

लिनक्सनं काम थांबवल्याचं एका शब्दात कळवलं आणि तो गप्प झाला. मामांना वाटलं, नवीन आहे, बुजला असेल. पुढच्या मंगळवारी त्यानं पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा आढेवेढे घेतले. असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. मामा दर आठवड्याला मान घेत राहिले आणि कॉम्प्युटर होता तिथंच राहिला.

मग एक दिवस पुण्याच्या गिऱ्हाईकाची साइट उघडेना. तुमचा ब्राउझर फार जुना झालाय, एवढंच ती म्हणे. तिथं नोंद झाल्याशिवाय माल सुटत नाही. कास्टिंग भरलेला ट्रक गेटवर उभा आणि ड्रायव्हरचा हात हॉर्नवर. सोनल धावत आली. तिनं मागच्या नोंदी उघडून पाहिल्या तर दर मंगळवारी एनच. मामांनी कारण सांगितलं, तेव्हा हसावं की कपाळाला हात लावावा हे तिला कळेना.

"मामा, तो दर वेळी एकदाच विचारतो. नाही म्हणजे नाही, असंच धरतो."

"असलं कसलं कोरडं इचारणं?" मामा पुटपुटले.

सोनलनं स्वतः वाय दाबलं. बराच वेळ ओळी पळाल्या, मग साइट उघडली आणि ट्रक सुटला. ती म्हणाली, आता हे आपोआप होईल असं करून टाकते, तुम्हाला विचारायची भानगडच नको. मामा नको म्हणाले. सोनल इथलीच. तिनं ते रीतीतलं नको धरलं आणि कीबोर्ड पुढं ओढला. मामांनी परत नको म्हटलं. अहो राहू द्या, मला कसला त्रास, असं म्हणत ती टाइप करायला लागलीसुद्धा. आग्रह म्हणजे आग्रह, तो थांबतोय कुठं?

मामांनी कीबोर्डवर हात ठेवला.

"वहिनी, ह्ये नको खरं हाय. आत्ता ध्यानात आलं बघा. मी न्हाय म्हटलं की ह्यो गप बसतोय. माझं 'न्हाय' ऐकून घेणारं आजवर दुसरं कुणी भेटलं न्हाय."

सोनलनं हात मागं घेतला. मंगळवारी मामांनी ओळ टाइप केली, यादी सावकाश वाचली आणि वाय दाबलं.