पुढचं पान

थोरलीच्या प्रबंधात पानोपानी कुणी ना कुणी मोठा माणूस इंग्रजीत बोलत असे. त्याचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. शेवटी पुस्तकाचं नाव, पान क्रमांक. स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. इतकं चोख काम कॉलेजच्या इंग्रजी विभागात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तरी मार्गदर्शक बाईंनी कागद परत केले.

"घर पाहुण्यांनी भरलंय तुमचं. घरधनी कुठाय?"

"माझ्या शब्दांत सांगितलं तर त्यांच्या म्हणण्याला धक्का लागेल, बाई."

"लागू नये म्हणून तर आधी समजून घ्यायचं. तुमच्या जाऊबाईंचं बघा. विचार ज्याचा त्याच्या नावावर, वाक्य मात्र स्वतःचं."

थोरलीने कागद पिशवीत कोंबले. जाऊबाईंचं बघा! घरी तेच, कॉलेजात तेच.

धाकटी घरात आली तेव्हा थोरलीची दोन मुलं शाळेत जात होती आणि प्रबंध कपाटावर धूळ खात होता. धाकटीही थोरलीच्याच कॉलेजात शिकवायला लागली. त्याच बाईंकडे तिनं प्रबंधासाठी नाव नोंदवलं, तसा थोरलीनेही आपला प्रबंध खाली काढला. खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं. थोरली इस्त्रीच्या टेबलावर, कपडे बाजूला सारून लिहायची. धाकटीचा नवरा बायकोला चहा नेऊन द्यायचा. थोरलीचा नवरा दारातून विचारायचा, "चहा झाला का?"

धाकटीची लिहायची रीतही थोरलीच्या डोळ्यांत खुपायची. ती पान वाचायची, पुस्तक मिटायची, छताकडे बघत बसायची आणि मग सरसर लिहायची. थोरलीला ही शुद्ध चोराची चाल वाटे. पुस्तक मिटून कधी अभ्यास होतो?

विभागाच्या पुस्तकात दोघींपैकी एकीचंच प्रकरण जाणार होतं. बाहेरून एक वयस्क प्राध्यापक येणार होते. दोघींनी त्यांच्यासमोर वाचायचं, निवड ते करणार. थोरलीच्या इतक्या वर्षांच्या कष्टाचं काही छापून यायची ही पहिलीच वेळ होती.

सासूबाई म्हणाल्या, "भांडायचं तर आपल्या भाषेत भांडा गं. इंग्रजीत भांडलात तर मला मजा कशी यायची?"

धाकटी खळखळून हसली. मग आपलं प्रकरण थोरलीपुढे ठेवून म्हणाली, "ताई, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे ना. तुमच्याइतकं वाचलंय कुणी?"

थोरली चोरी पकडायला बसली. ओळ न् ओळ ताडून पाहिली. चोरी नव्हती. प्रत्येक विचाराशेजारी त्याच्या धन्याचं नाव होतं. वाक्यं अशी, की पोटात दुखावं.

आणि मग ते सापडलं. धाकटीनं लिहिलं होतं, की एका जुन्या समीक्षकाच्या मते कादंबरीतली नोकरमाणसं म्हणजे नुसतं सामान, त्यांना मन नसतं. त्यावर तिनं त्या समीक्षकाला चांगलं फैलावर घेतलं होतं. सगळं प्रकरण त्या भांडणावर उभं होतं.

थोरलीने ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. ते मत त्या समीक्षकाचं नव्हतंच. त्यानं ते विरोधकांचं म्हणून मांडलं होतं. पान उलटलं की पहिलंच वाक्य होतं, हे साफ खोटं आहे. धाकटीनं पान उलटलं नव्हतं.

थोरलीने पेन्सिल उचलली. मग ठेवून दिली.

"कसं वाटलं, ताई?"

"छान आहे. काही बदलू नकोस."

वाचनाच्या दिवशी थोरलीचं आधी झालं. प्राध्यापक सभ्यपणे ऐकत राहिले. धाकटी वाचू लागली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. थोरलीला त्या सरकण्याचाही राग आला. थांब म्हणावं, आता कळेल.

वाचन संपल्यावर प्राध्यापक म्हणाले, "या समीक्षकांकडे मी शिकलोय. ते असं कधीच म्हणाले नसते. पुन्हा पाहता का?"

धाकटी गोंधळली. मग तिचा चेहरा एकदम निवळला. "सर, आमच्या ताईंनी तपासलंय हे. त्यांनी ते पुस्तक पूर्ण वाचलंय. चूक असती तर त्यांनी सांगितलंच असतं."

सगळे थोरलीकडे वळले. बाईंनी चष्मा काढला.

"वाचलंय तुम्ही?"

हो म्हणावं तर अडचण, नाही म्हणावं तर इतक्या वर्षांच्या वाचनावर पाणी.

"वाचलंय," थोरली म्हणाली. "हे मत त्यांचं नाही. पुढच्या पानावर ते खोडून काढतात."

"मग हिला सांगितलं नाहीत?"

धाकटीनं कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि पंख्याचं बटण बंद केलं. प्राध्यापकांनी दोन्ही प्रकरणं बाजूला ठेवली. त्या वर्षी विभागाच्या पुस्तकात दोघींपैकी कुणाचंच प्रकरण गेलं नाही.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. थोरली वाट पाहत होती. ओरडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल. ती काहीच करेना.

दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय गं, कुणाचं घेतलं?"

धाकटीनं चपला काढल्या. "कुणाचंच नाही, आई. मी एक पान न वाचताच लिहिलं होतं. ताईंनी ते सगळ्यांसमोर सांगितलं."

ती आत गेली. थोरली दारातच उभी राहिली. तिनं ते वाक्य मनात दोनदा ताडून पाहिलं. शब्द सगळे धाकटीचे होते. खोटं एक अक्षर नव्हतं. आणि थोरलीनं जे केलं, ते त्यात कुठेच नव्हतं.

असं वाक्य आपल्याला कधी जमणार नाही, हे तिला कळलं. तिचा जळफळाट झाला.