सगळ्यांनाच शिव्या देणारा माणूस

बडनेऱ्याला तिकीट खिडकीमागे मी तीस वर्षं काढली. खिडकीतून येणाऱ्या शिव्या पगारातच धरलेल्या असतात, त्यामुळे शिव्यांचं मला फारसं काही वाटत नाही. निवृत्त झालो आणि शेजारी मिळाला तो या कामातला उस्ताद. माझ्या शेवग्याचा पाला उडून त्याच्या अंगणात पडायचा, त्यावरून रोज सकाळी त्याचा गळा मोकळा व्हायचा.

एके दिवशी मात्र दूध डेअरीसमोर, चारचौघांत, त्यानं माझी जात काढली. मी, माझा बाप, आजा, सगळे एका शब्दात बसवले. तो शब्द इथे लिहीत नाही.  ही शिवी पगारात धरलेली नव्हती.

मी ठाण्यात गेलो. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. असा अपमान सिद्ध झाला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद, दंड वेगळा.

अमरावतीच्या कोर्टात खटला उभा राहिला आणि आरोपीच्या वकिलानं डोकं लढवलं. "माझ्या अशिलाच्या मनात कुठल्याच जातीबद्दल द्वेष नाही, मॅडम. ते सगळ्यांनाच शिव्या देतात." शेजारी अभिमानानं मान हलवत होता. हे सिद्ध करायला त्यांनी तीन साक्षीदार आणले होते.

पहिला आला त्याचा मेहुणा, चांदूर रेल्वेहून, नवा शर्ट घालून.

"तुम्हाला हे काय म्हणतात?" आरोपीच्या वकिलानं विचारलं.

"मले? मले 'फुकटखाऊ बोकड' म्हनते जी. लग्नात म्हनलं, बारशात म्हनलं, माह्या बापाच्या तेरवीतबी म्हनलं."

टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर केली. "बोकड एक की अनेक?"

"एकच. मीच तो."

दुसरा डेअरीवाला. "मले 'नळाचा जावई' म्हनते. दुधात पानी हाय म्हून."

"असतं का पाणी?" न्यायाधीश मॅडमनी सहज विचारलं. डेअरीवाल्यानं घाबरून वकिलाकडे पाहिलं.

तिसरी साक्षीदार आरोपीची बायको. "मले 'मीठचोर' म्हनते. भाजीत मीठ कमी पडते म्हून. पाहुन्यायसमोर 'मेलेली मिरची' बी म्हनलं."

"एवढंच?"

"एवढंच कुठचं? तुमच्यापाशी टाइम हाय का?"

सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो, तसं माझ्या बायकोनं मला कोपर मारलं.

सरकारी वकील किडकिडीत, हळू बोलणारे. प्रत्येकाला उलटतपासणीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "यांनी कधी तुमची जात काढली?"

मेहुणा म्हणाला होता, "माही कशी काढतीन? दोघायची एकच तं हाय."

डेअरीवाला म्हणाला होता, "नाई जी. दुधावरूनच बोलते."

बायकोनं मात्र आधी नवऱ्याकडे पाहून घेतलं. "नाई," ती म्हणाली, आणि कुणी न विचारता पुढे बोलली, "आमाले जे म्हनते ते आमी काई करतो म्हून म्हनते. हा खाते म्हून, तो पानी टाकते म्हून. यायनं काय केलं होतं? पाला तं झाडाचा होता."

आरोपीचे वकील खाली बसले. शेजाऱ्याची मान हलायची थांबली.

काही महिन्यांनी निकाल लागला. सहा महिने कैद आणि दंड. निकालपत्रात मॅडमनी लिहिलं होतं की बचावाच्याच साक्षीदारांवरून दिसतं, इतरांना शिवी त्यांच्या वागण्यावरून मिळाली, फिर्यादीला फक्त जन्मावरून. अपिलासाठी शिक्षा थांबली आणि शेजारी जामिनावर सुटला. अपील अजून पडून आहे.

निकालाच्या संध्याकाळी ऑटोवाल्यांचा संप होता. कोर्टाबाहेर बडनेऱ्याला जाणारा एकच ऑटो सापडला. माझी बायको पुढे ड्रायव्हरजवळ बसली, मागे एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेजारी, मधे त्याची बायको पिशवी मांडीवर घेऊन.  मग एका खड्ड्यात ऑटो असा आदळला की शेजाऱ्याचं डोकं वरच्या दांड्यावर आपटलं आणि त्यानं तोंड उघडलं. ड्रायव्हरचे डोळे, त्याचा चष्मा, गाडीचे टायर, ब्रेक, ज्यानं लायसन दिलं तो साहेब, सगळ्यांचा उद्धार झाला. ड्रायव्हरची जात मात्र निघाली नाही, बापही नाही.

हा सुधारला की घाबरला, मला सांगता येत नाही. मला दोन्ही चालतं.