लिफ्टमनने रोपवेचं तिकीट परत केलं

तेहतीस वर्षं हा माणूस वर-खाली करत होता, पण कधी दोन मजले जिना चढलेला कुणाला आठवत नाही. अकरा मजली सरकारी कचेरीतला लिफ्टमन तो. लाकडी स्टूल, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि समोर मिनिटामिनिटाला बदलणारी तोंडं. कोण कुठल्या मजल्यावर उतरणार हे तो नुसत्या पायताणावरून ओळखायचा. आणि निवृत्त होऊन दोन महिने होतात न होतात तोच हा गृहस्थ राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी उभा राहून सांगत होता, डोंगर पायीच चढणार.

उन्हाळ्याची ही सहल जावईबापूंनी आखली होती. तरुणांना पायवाट, म्हाताऱ्यांना रोपवे, अशी वाटणीही त्यांनी परस्पर करून टाकली होती.

"बाबा, गुडघे बघा तुमचे," लेक म्हणाली. "ट्रॉलीत बसलात की पाच मिनिटांत वर."

"दार लागतं, आपण उभे राहतो, वर जातो. हे तू मला शिकवणार?"

"हट्ट नको हो, बाबा," जावईबापू म्हणाले. "लोक काय म्हणतील आम्हाला?"

"सांगा, सासऱ्याचं डोकं फिरलंय." त्याने तिकीट त्यांच्या हातात कोंबलं आणि चालू पडला. बायकोनेही मुकाट्याने आपलं तिकीट लेकीला दिलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्यामागे निघाली. तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून शेवटी तरुण मंडळीच ट्रॉलीत बसली.

तो चुकला सुरुवातीलाच. चढायची सवय नाही, त्यामुळे बेताने चालायचं असतं हेही ठाऊक नाही. पहिल्या वळणापर्यंत तरातरा गेला आणि दुसऱ्या वळणावर त्याने फतकल मारली. त्यात मागून कुणाची चाहूल लागली की हा पोट आत घेऊन, अंग चोरून कड्याला चिकटायचा. लिफ्टमधली खोड, दुसरं काय!

"अहो, अख्ख्या जगाला वाट देत बसलात तर आपण पोचणार कधी?" बायको म्हणाली.

तो घाम पुसत राहिला. मग म्हणाला, "अकराव्या मजल्याला गच्ची आहे. तिथून डोंगर दिसतात म्हणे. वर गेलेले लोक परत येताना तेच बोलायचे. मला लिफ्ट सोडायची मुभा नव्हती. शेवटच्या दिवशी साहेबांना विचारलं, दोन मिनिटं बघून येऊ का? म्हणाले, आधी मला खाली सोडा. सोडलं. खाली रांग लागलेली होती."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो. त्याचाच तर राग येतो."

हे तिला घरात कधी कळलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उठा," ती म्हणाली. "हळूहळू चला, पण चला."

पुढच्या चढावर मागून एक टोळकं आलं. "काका, जरा बाजूला!" त्याचा एक पाय सवयीने कडेला सरकलाही होता. तो त्याने परत वाटेवर आणला.

"वाट अरुंद आहे आणि मी पुढे आहे. मागून या."

टोळकं चार वळणं निमूटपणे मागून आलं.

दोन तासांच्या वाटेला त्याला साडेतीन तास लागले. वर लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि जावईबापूंचा जीव घड्याळात. तो थेट कड्यावरच्या कठड्याशी गेला. कठड्याला दोन्ही हात टेकून बघत राहिला. डोंगरामागे डोंगर, आणि कुणी हाक मारणारं नाही. त्याला इतका आनंद झाला की राग आल्यासारखा चेहरा झाला.

"बाबा, पाचची ट्रॉली निघतेय. एक फोटो काढू आणि उतरू."

"मी आत्ता कुठे आलोय. सहाची आहे ना? ती बघू."

ट्रॉलीच्या दारात पिकल्या मिशांचा ट्रॉलीवाला एक हात दारावर ठेवून उभा होता. "येताय ना काका? दार लावतो."

हा त्याच्याजवळ गेला. "किती वर्षं झाली इथे?"

"एकोणीस."

"कठड्यापाशी कधी आलात?"

"काचेतून दिसतं की रोज. ट्रॉली सोडून जाता येत नाही ना."

लिफ्टमनने दारावरचा त्याचा हात बाजूला केला आणि तिथे आपला ठेवला.

"जा. दार मी धरतो."

"बाबा, अहो आत लोक खोळंबलेत!" जावईबापू ओरडले.

"खोळंबू देत."