ओठांवरचे गाणे

मोहोळ स्टेशन मागे पडले आणि खिडकीतून तो कोरडा, ओळखीचा वारा आत आला. पस्तीस वर्षांनी मी सोलापूरला निघालो होतो आणि निमित्त होते एका जपानी गायिकेचे. महिन्यापूर्वी मोबाइलवर तिची चित्रफीत समोर आली. एक जुने, अमेरिकन 'सोल' शैलीतले प्रेमगीत तिने नव्याने गायले होते. मूळ गायक ते हक्काने मागावे तसे गातो. ही बाई पियानोपाशी बसून, परके इंग्रजी शब्द जपून उच्चारत, विनवणी करावी तसे गाते. ऐकता ऐकता श्रीनिवासची कॅसेट आठवली आणि मी फोन पालथा ठेवला.

श्रीनिवास माझा महाविद्यालयातील मित्र, तेलुगू विणकर घरातला. मुंबईच्या मामाने दिलेली त्या गीताची कॅसेट त्याला जिवापाड प्रिय होती. ती मी मागून नेली आणि कोरी कॅसेट हाताशी नव्हती म्हणून गाणे चुकून पुसू नये म्हणून कडेला असलेल्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून तिच्यावर क्रिकेटचे समालोचन उतरवून घेतले. बोळा काढला, कॅसेट परत केली. गाणे कसे पुसले असे त्याने विचारले तेव्हा म्हणालो, "नागेशने काही केले असेल." नागेश त्याचा धाकटा भाऊ, क्रिकेटवेडा. त्याने भावाच्या हातचा मार खाल्ला. मी गप्प राहिलो.

रिक्षा पूर्व भागात शिरली तसा यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. श्रीनिवासच्या घरामागेच टॉवेलचा कारखाना आहे. तो दारातच उभा होता.

"ये की मोहन! लई वाळलास. पुण्यात जेवायला घालत न्हाईत का तुला?"

ताटात कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी (तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगदाण्यांची चटणी) होती. वाढताना त्याच्या सूनबाईंच्या हातून ताक सांडले.

"नागेशनं टेप पुसली!" श्रीनिवास हसला. "आमच्या घरात काय बी बिघडलं की असंच म्हणत्यात."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी ताटाकडे बघत बोलू लागलो.

"वर बघ की! ह्या मागांच्या खडखडाटानं कान खाल्ले माझे. ओठ दिसले तर कळतंय."

धीर होईना, म्हणून मी आधी फोन पुढे केला. तो त्या गायिकेच्या ओठांकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याची बोटे पाटावर ताल धरू लागली.

"आरं, हे तर आपलं गाणं! कुठली बाई ही?"

"जपानची."

"भाषा तिची न्हाय, कळतंय. पण खोटं बोलत न्हाय बाई."

त्यानंतर गप्प राहणे मला शक्य नव्हते. मी मान वर केली आणि सगळे सांगितले.

त्याने सावकाश हात धुतला. "मला कशाला सांगतोस? मार कुणी खाल्ला? चल."

कारखान्यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. केस पिकलेल्या नागेशसमोर उभा राहून मी म्हणालो, "टेप मी पुसली होती. नाव तुमचे घेतले." मागांच्या दोन्ही रांगांतले विणकर वळून पाहू लागले, एकाने तोंडावर हात धरला. त्या गोंगाटात सारेच ओठ वाचून बोलतात, हे मला तेव्हा कळले.

नागेशने आधी तुटलेला धागा जोडला. मग तो माझ्याशी नव्हे, भावाशी काही बोलला. श्रीनिवासने नजर खाली वळवली. नागेशने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि तेच पुन्हा सांगितले. श्रीनिवासने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"काय म्हणाला?" बाहेर आल्यावर मी विचारले.

"ते आमचं हाय. तू चहा घेऊन जा."

परतीच्या गाडीत जाणवले की मला कोणी क्षमा केली नव्हती, आणि ती मागायला मी उशीर केला होता. माझ्या खाली मान घालून हळू बोलण्याला लोक नम्रता म्हणतात; मीही तसेच समजत आलो. त्यातला किती भाग केवळ लपण्याचा होता, हे त्या खडखडाटात उघडे पडले.

घरी पत्नीने विचारले, "मित्र भेटला का?"

"भेटला," मी म्हणालो, आणि तिच्याकडे पाहत पहिल्यापासून सांगू लागलो.