दसऱ्याला विसावलेला माउस

कॉम्प्युटर आमच्या पोलादपूरच्या घरात आला तो माझ्या हट्टापायी, पण त्याच्यापुढे बसून घाम गाळला आईने. ती गावातल्या शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई. शिक्षकांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी आई पुन्हा विद्यार्थिनी झाली. पहिल्या खेपेला ती नापास झाली. महाडच्या परीक्षा केंद्रात तिचा हात असा थरथरला की पडद्यावरचा बाण कुठे थांबेचना. घरी आल्यावर तिने चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आणखी एकदा बसते. नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकते." पहिलीच्या पोरांशिवाय आई, ही कल्पनाच मला करवेना.

मी तेव्हा महाडला कॉलेजात जात होते आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्या परीक्षेच्या आधीपासून आईला मीच शिकवत होते. उतावळ्या माणसाने कुणाला शिकवायला बसू नये, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. "डबल क्लिक म्हणजे लागोपाठ दोनदा, आई. तू एका क्लिकनंतर भाजी निवडून येतेस आणि मग दुसरा करतेस." ती हसायची आणि पुन्हा दाबायची. हसते म्हणजे तिला लागत नाही, असा सोयीस्कर अर्थ मी काढला होता.

दुसरी परीक्षा नेमकी दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आली. आमच्याकडे दसऱ्याला घरातली हत्यारं पूजेला बसतात. कोयता, विळी, बाबांचे पाने नि पक्कड, आईची खडूची पेटी. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ती विसावतात. विळी पूजेत म्हणून भाजीसुद्धा आदल्या रात्रीच चिरून ठेवायची. त्या वर्षी आई म्हणाली, "आता हेही माझं हत्यारच." तिने कॉम्प्युटर पुसला, मॉनिटरला झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकू वाहायचं काम माझ्याकडे सोपवलं. माझं सगळं लक्ष श्रीखंडाकडे. कुंकवात भिजलेल्या मूठभर अक्षता मी सगळ्यांवर मिळून एकदाच भिरकावल्या आणि पानावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फुलं-अक्षता गोळा केल्या, नमस्कार केला आणि मशीन चालू केलं. बाण छान फिरत होता, पण क्लिक काही होईना. तिने हाक मारली, "अगं, बघ ना, हा आज ऐकतच नाही माझं."

मी आले तीच वैतागून. परीक्षा उद्यावर आलेली. "तू क्लिक करतेस की भाकरी थापतेस? दाबून दाबून बिघडवलास शेवटी."

तिने हात काढून घेतला आणि पदराखाली ठेवला.

मी मशीन बंद करून चालू केलं. मागची वायर काढून पुन्हा खोचली. माउस उलटा करून पोटातली गोळी काढली, आतल्या चाकांवर साचलेला मळ नखाने खरवडला. त्याने बाण आणखी झोकात फिरायला लागला, क्लिक मात्र नाहीच. महाडच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, नवीनच घ्या, पण मी गावी आलोय, दुकान परवा उघडेन. भांडी घासायला येणाऱ्या मावशी वरच्या वाडीतल्या. त्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. "काल पूजेत निजवलात त्याला," त्या म्हणाल्या. "देवापुढचं हाय ते, इतक्यात उठायचं नाय." मी त्यांच्यावरही खेकसले.

मग आईने माझ्या हातातून माउस घेतला, कानाशी धरला आणि आधी उजवं बटण दाबलं, मग डावं. पुन्हा तसंच केलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही कोणतं पोर पाटीवर लिहितंय आणि कोणतं नुसती पेन्सिल वाजवतंय, ते तिला आवाजावरून कळायचं.

"उजवं टिक करतं. डावं करत नाही. ते खालीच जात नाहीये."

बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन तिने काढली, चष्मा नीट केला आणि डाव्या बटणाच्या फटीत पिन फिरवून तांदळाचा एक लाल दाणा बाहेर काढला. बटण दाबलं. टिक वाजलं.

दाणा तळहातावर घेऊन तिने माझ्यापुढे धरला. काल अक्षता कोणी टाकल्या, ते तिने विचारलं नाही. "म्हणजे मी नव्हते चुकत," एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग पिन परत बांगडीत अडकवत म्हणाली, "पोरांना हात धरून शिकवावं लागतं गं. ओरडलं की हात थरथरतो."

पहिल्या परीक्षेत तिचा हात कशाने थरथरला होता, ते मला तेव्हा कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिच्या शेजारी बसले आणि एकदाही आवाज चढवला नाही. सोपं गेलं नाही, पण बसले.

दुसऱ्या दिवशी महाडच्या केंद्राबाहेर उभी राहून मी खिडकीतून बघत होते. आईने खुर्चीत बसल्या बसल्या माउस उचलला, कानाशी नेला, दोन्ही बटणं वाजवून बघितली. शेजारच्या गुरुजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने माउस खाली ठेवला, त्यावर हात ठेवला आणि कामाला लागली. हात स्थिर होता.

ती पास झाली, आणि निवृत्त होईपर्यंत आणखी अकरा वर्षं पहिलीलाच शिकवत राहिली. पुढच्या दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा तिने स्वतः केली. माउसला झेंडूचं एक फूल वाहिलं, त्याच्यावर वाटी पालथी घातली आणि मुठीतल्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.